वर्षाराणी अडली तेव्हा

आमच्या उचगावात कुणाकडे बाळ जन्मलं की लोक आधी मुलगा की मुलगी ते विचारतात, असं बाहेरच्यांना वाटतं. साफ खोटं. पहिला प्रश्न असतो, "नॉर्मल का सीझर?" नॉर्मल म्हटलं की "सुटली बाई" म्हणून हात जोडतात. सीझर म्हटलं की जीभ टाळ्याला लावून एक 'चक्' करतात, दूध नासल्यावर करतात तसं. मी क्रांती. कोल्हापुरात एका प्रसूतिगृहात नर्स आहे आणि राहायला उचगावात. दिवसभर दवाखान्यात बायकांच्या कळा बघायच्या आणि संध्याकाळी गल्लीत येऊन ते 'चक्' ऐकायचं, हे इतकी वर्षं चाललंय की आता माझं डोकंच फिरतं. त्या 'चक्'ला पुरून उरलेली एक बाई मला माहीत आहे. तिची गोष्ट सांगते.

वर्षाराणी आमच्या गल्लीत दुधाचा रतीब घालते. साडी खोचलेली, वर नवऱ्याचा जुना शर्ट, आणि मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी किटल्या. हॉर्न वाजवत नाही की हाळी देत नाही. कोपऱ्यावर येऊन इंजिन एकदा रेस करते आणि बायका पातेली घेऊन बाहेर. एकदा एकीनं दूध पातळ लागतं म्हणून तक्रार केली. वर्षाराणी म्हणाली, "मग उद्यापास्नं पिशवीचं घ्या की. आन पिशवीत म्हस कुठनं घुसत्या ते घावलं तर मलाबी सांगा." ती बाई अजून हिच्याकडूनच दूध घेते.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून पळवायची रीत आहे. मालक मोटारसायकलवर पुढे, सायलेन्सरचा कानठळ्या बसवणारा आवाज काढत, आणि त्या आवाजामागे शिंगं रंगवलेली म्हैस धावत. हे काम बाप्यांचं. लग्न होऊन आली त्या पहिल्याच पाडव्याला ही गाडीवर बसली आणि चंद्री म्हशीला मागे घेऊन अख्ख्या गावातून गेली. चौकातली जुनी माणसं तोंडात बोट घालून बघत राहिली. सासू बायडाबाई घरात कपाळाला हात लावून बसली होती. म्हणाली, "सून आनली का गवळी आनला?"

नवऱ्याचं नाव सम्राट. नाव मोठं, आवाज बारीक. शिरोलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर आहे. दोस्त चिडवायचे, "काय सम्राट, घरात राज्य कुणाचं?" तो शांतपणे म्हणायचा, "राणीचं." त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. आई बोलली तरी गप्प, बायको बोलली तरी गप्प. दोघींच्या मधे तो उभा राहिला की मला वाटायचं, हा माणूस जेवताना तरी तोंड उघडतो की नाही.

लग्नाला काही वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली पद्धत. तिचं माहेर कागलकडे, तिथून दोनदा माणूस न्यायला आला. हिनं दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवला. म्हणाली, "म्हस व्यायाला माहेरी जात्या व्हय? मग मी कशाला? आन हितं धारा कोन काडनार, आईचा जावई?"

आईचा जावई शेजारीच बसून चहा पीत होता. तो म्हणाला, "मला म्हशी भ्या दावत्यात."

सासू-सुनेचं कशावर म्हणून पटत नसे. पेंड किती घालायची यावर भांडण, भाकरी केवढी थापायची यावर भांडण. पण सीझर हा आळशी बायकांचा आजार आहे, यावर मात्र दोघींचं एकमत होतं. "मी काय पंख्याखाली बसून हाय व्हय सीझर व्हायला?" वर्षाराणी मला म्हणायची. "चार म्हशी पिळत्या मी रोज. पोर आपसूक यील." मी तिला सांगून बघितलं, अगं, हे कष्टावर नसतं, बाळ कसं बसलंय, कसं फिरतंय यावर असतं, रोज वैरणीचे भारे वाहणाऱ्या बायकासुद्धा अडतात. पालथ्या घड्यावर पाणी. तिला स्वतःच्या अंगमेहनतीचा गर्व होता आणि तो खोटा नव्हता. गोठा तिनं स्वतःच्या हातानं उभा केला होता, गिऱ्हाइकं तिनं जोडली होती. बाळंतपणही आपल्याच जोरावर व्हावं, दुसऱ्या कुणी म्हणू नये की आम्ही केलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

शिमगा होऊन गेला होता. पहाटेची धार चालू असताना गोठ्यातच कळा सुरू झाल्या. ही कुणाला बोलली नाही. राहिलेल्या दोन म्हशी पिळल्या, हातपाय धुतले आणि मग सम्राटला उठवून म्हणाली, "चला, दवाखान्यात न्ह्या मला." शेजारच्यांच्या टेम्पोत पुढे बसून ती आली. मागे बाळाच्या झबल्यांची पिशवी आणि एक थर्मास मांडीवर घेऊन बायडाबाई. थर्मासात चहा असेल असं मला वाटलं.

लेबर रूमच्या दाराशी सम्राट थांबला. आमच्याकडे नवरे तिथंच थांबतात आणि मग मोबाइल बघत बसतात. वर्षाराणी वळून म्हणाली, "थांबला का? या की आत."

बायडाबाई म्हणाली, "बाप्याचं काय काम आत? काय लाज हाय का न्हाय?"

"आत्ती, लाज सोडूनच पोट आलंय," वर्षाराणी म्हणाली. सासूला ती आत्ती म्हणते. डॉक्टरबाई हसल्या, सम्राटला गाऊन द्यायला सांगितला, आणि तो आत आला.

पुढचे काही तास मी कधी विसरणार नाही. एरवी नवऱ्याला अवो-जावो करणारी ही बाई कळ आली की थेट अरे-तुरेवर यायची आणि कळ ओसरली की पुन्हा मानानं बोलायची. "हात धर रं! घट्ट धर! मुडदूस झालाय का तुला?" आणि दोन मिनिटांनी, "अवो, पानी देता काय जरा." सम्राटची बोटं तिनं इतकी आवळली होती की पांढरी पडली. तो मधेच म्हणाला, "सावकाश, सावकाश, हैय." ती ओरडली, "मी म्हस हाय काय रं?" बाजूच्या खाटेवरची बाई आपल्या कळा विसरून हसायला लागली.

मला वाटलं, दुपारच्या आत ही मोकळी होणार. जोर चांगला, बाई धीराची. पण गर्भपिशवीचं तोंड बरंचसं उघडलं आणि तिथंच अडून बसलं. बाळाचं डोकं तिरकं होतं, खाली सरकत नव्हतं. डॉक्टरबाईंनी तिला चालायला लावलं, कुशी बदलायला लावल्या, सलाईनमधून कळांचं औषध दिलं. घाई करणाऱ्यातल्या त्या नाहीत. त्या दिवशी मीच मनात म्हणत होते, डॉक्टरबाई, आता बास. दुपारी पाणी गेलं ते हिरवट. म्हणजे बाळानं आतच शी केली होती. मशीनवर बाळाचे ठोके कळ आली की खाली यायचे आणि वर चढायला वेळ लावायचे. 

डॉक्टरबाई तिच्या उशाशी बसल्या. सरळ शब्दांत सांगितलं, "वर्षाराणी, बाळ दमतंय. आता थांबण्यात अर्थ नाही. सीझर करूया."

"न्हाय," ती म्हणाली.

"अगं, बाळाचे ठोके..."

"मी जोर लावत्या की! अजून ताकद हाय माझ्यात. अर्धा तास द्या. मी सीझर हुनार न्हाय म्हंजे न्हाय." घामानं केस कपाळाला चिकटले होते, ओठ सुकले होते, आणि डोळ्यांत नुसता राग. डॉक्टरबाईंवर नव्हता तो. जन्मात पहिल्यांदा तिचं अंग तिचं ऐकत नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून बायडाबाई आत. बाहेर कानावर गेलं असावं. "माझ्या सुनंला कापायचं न्हाय हं, सांगून ठिवते. तुमा डाक्टर लोकास्नी लई घाई. जरा दम धरा, आपोआप सुटंल."

मी तिला बाहेर काढायला उठले. आणि तेव्हा सम्राट बोलला. बायकोचा हात हातातच होता.

"गेल्या साली चंद्री आडली तवा काय म्हनलीस तू?"

वर्षाराणीनं झटकन मान वळवली.

मला ती गोष्ट ठाऊक होती, गावात सगळ्यांना ठाऊक आहे. चंद्री व्यायला झाली होती आणि रेडकू आत वाकडं अडलं होतं. गोठ्यात जमलेले जाणते म्हणत होते, थांबा, येईल. वर्षाराणीनं मोटारसायकल काढली, जाऊन जनावरांच्या डॉक्टरला मागे बसवून आणलं आणि म्हशीची कूस कापून रेडकू काढायला लावलं. रेडकू जगलं, चंद्रीही जगली. जाणत्यांना तिनं त्या दिवशी जे ऐकवलं ते मी इथं लिहू शकत नाही.

"तू म्हनलीस," सम्राट हळू आवाजात म्हणाला, "आडलं म्हंजे आडलं. जोर लावून वाट हुईत न्हाय. म्हनलीस का न्हाय?"

"मला म्हशीसंगं जोडतोयस व्हय रं?"

"व्हय," तो म्हणाला. "म्हशीला एक न्याव आन तुला एक, आसं कसं? तिला वाचीवलीस. तू काय तिच्यापरीस कमी हायस व्हय?"

"सम्राट!" बायडाबाई ओरडली.

"आई, तू गप बस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, पण आईला गप्प बस म्हणायची त्याची ती पहिलीच वेळ असणार, कारण म्हातारी खरोखरच गप्प झाली.

एक कळ आली. ठोके पुन्हा खाली गेले. वर्षाराणी डोळे मिटून ती कळ सोसत होती आणि आम्ही सगळे मशीनकडे बघत होतो. कळ ओसरल्यावर तिनं डोळे उघडले. "करा," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "पर मला झोपवायचं न्हाय. मी जागी ऱ्हानार. आन ह्ये माझ्यासंगं आत येनार." कागद आणला तेव्हा सम्राटनं हात पुढे केला, तर ती म्हणाली, "पोट कुनाचं हाय?" आणि सही तिनंच केली.

भुलीच्या डॉक्टरांना फोन गेला. ते येईपर्यंत तयारी माझ्याकडे. मी नेहमीचं विचारलं, "शेवटचं काय खाल्लंस-प्यालीस?" सकाळीच मी बजावलं होतं, पाण्याच्या घोटापलीकडे काही नाही.

"कायबी न्हाय," दारातून बायडाबाईच म्हणाली.

"खोटं," वर्षाराणी म्हणाली. "दूध-तूप पेलंय मी. थर्मासातलं. तुमी बाजूच्या बाईला बघत हुता तवा."

बायडाबाई तिला डोळ्यांनी खुणावत होती. वर्षाराणी म्हणाली, "आत्ती, आता लपवून काय करायचं? त्यास्नी कळाया पायजे."

आमच्याकडची ही जुनी समजूत. तूप घातलेलं गरम दूध प्यालं की वाट बुळबुळीत होते आणि बाळ सटकन येतं. घरोघरी नवव्या महिन्यात हेच पाजतात. नवव्या महिन्यात पाजा, माझं काही म्हणणं नाही. पण ऑपरेशनच्या तोंडावर भरलं पोट म्हणजे उलटी श्वासात जायची भीती. मी डॉक्टरबाईंना सांगून आले आणि बायडाबाईला व्हरांड्यात धरून फाडफाड बोलले. "मावशी, सून मारायची होती काय? बरं तिनं खरं सांगितलं. तुम्ही तर 'कायबी न्हाय' म्हणून मोकळ्या झालात!" आणखीही बरंच बोलले. मला राग आला की मी वय बघत नाही.

ती ऐकत होती. बाकड्यावर बसली, थर्मास पोटाशी धरून. मग म्हणाली, "सम्राटच्या आदी एक झाल्ता मला."

"मग?" मी विचारलं.

"दोन दिस आडली हुती मी. घरातच. सुईन म्हनली, आतडी कोरडी हायती, हिनं तूप खाल्लं न्हाय. कुठनं खानार? सासू तुपाचं भांडं कुलपात ठिवायची." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोर मेलं पोटातच. ल्योक हुता. तवापास्नं मी म्हनायची, सून आली की तिला तुपाला कमी पडू द्यायची न्हाय. बाकी काय बोलली आसंन तिला, पर तूप कमी पडू दिलं न्हाय मी."

माझा राग कुठल्या कुठं गेला. रडू आलं मला, सांगायला लाज कसली. मी तिच्या शेजारी बसून म्हटलं, "मावशी, तुपाचा काही संबंध नाही. तुमचं बाळ अडलं होतं. आज हिचं अडलंय तसंच. त्या वेळी कुणी तुम्हाला इथं आणून पोट कापलं असतं, तर तो जगला असता."

ती उठली. मग थर्मास माझ्या हातात देऊन म्हणाली, "जावा. तिच्याकडं जावा लौकर."

थिएटरमध्ये भुलीचे डॉक्टर दुधाची हकीकत ऐकून आधी चिडले, मग कामाला लागले. पाठीत इंजेक्शन दिलं. कमरेखालचं अंग बधिर, वरची वर्षाराणी जशीच्या तशी. डोक्याशी सम्राट, टोपी आणि मास्कमध्ये नुसते डोळे दिसत होते. मधे पडदा. तिला मळमळलं, तेव्हा डॉक्टरांनी मान एका अंगाला वळवून धरली आणि दूध-तूप सगळं बाहेर आलं. शुद्धीत होती म्हणून निभावलं. तोंड पुसून झाल्या-झाल्या ही पडद्यापलीकडे विचारते, "डाक्टरीनबाई, कुठवर आलंय? मला सांगत जावा. माझ्या पोटात काय चाललंय ते मला कळाया नगं?"

आणि डॉक्टरबाई खरोखर सांगत गेल्या. आता वरची कातडी, आता आतलं, आता पिशवी. मी सम्राटला स्टूल दिलं. तो बसला, पण हात सोडला नाही.

मुलगी बाहेर आली ती गप्प. हिरव्या पाण्यानं माखलेली. बाळांच्या डॉक्टरांनी तिला बाजूच्या टेबलावर घेतलं. तोंड साफ केलं, पाठ चोळली.  तेव्हा वर्षाराणीचा आवाज आला, "रडत का न्हाय ती? ए! रड की! आईसारकी बोंबल की जरा!"

आणि ती रडली. योगायोग असेल, मला काय करायचंय. मी तिला फडक्यात गुंडाळून आईच्या गालाला लावली. वर्षाराणी तोवर एकदाही रडली नव्हती, आता हुंदके देऊन रडली. "आली माझी वाघीन," म्हणाली. सम्राट तर आधीपासूनच रडत होता, मास्क भिजला होता.

गोष्ट इथं संपायला हवी होती. बाळ जगलं, बाई जगली. पण दुसऱ्या दिवसापासून बघायला येणारी माणसं सुरू झाली आणि ते 'चक्'ही. "सीझर झालं व्हय? अरेरे. एवढी धडधाकट बाई." कुणी म्हणालं, "डाक्टर लोक दमच धरत न्हाईत." कुणी म्हणालं, "कळा बी सोसल्या आन पोट बी कापलं, म्हंजे ना ह्ये ना त्ये." वर्षाराणी ऐकून घ्यायची. उत्तर देत नव्हती. एका संध्याकाळी टाके बघताना तिनं मला विचारलं, "मला जमलं न्हाय व्हय वो?" मी म्हटलं, "काय जमलं नाही? तुझ्या कुशीतली पोरगी काय गंगावेशीच्या बाजारातनं विकत आणली?" ती हसली नाही.

सम्राट मला जिन्यात गाठून म्हणाला, "सिस्टर, ती शिव्या देईना झाल्या. मला भ्या वाटतंय." मी पुष्कळ नवरे बघितले आहेत; बायको शिव्या देत नाही म्हणून काळजीत पडलेला हा एकच.

पण इलाजही त्याच्याच हातून झाला. वर्षाराणी दवाखान्यात म्हणजे गोठा त्याच्यावर. चंद्री त्याला कासेला हात लावू देईना. पान्हा सोडायचं राहिलं बाजूला, वर दोनदा लाथ. म्हशीला धार काढणाऱ्याचा वास लागतो, माणूस बदलला की ती दूध चोरते. म्हणून यानं गोठ्यातल्या खुंटीवरची बायकोची साडी घेतली आणि पॅन्टवर गुंडाळली. बायडाबाईनं गोंधळ घातला, "बाप्याच्या जातीनं लुगडं न्हेसायचं? गावात त्वांड दावायचं हाय का न्हाय?" तरी यानं गोठ्याचं दार आतून लावून साडीत धार काढली. हे सगळं तो खाटेशी बसून बायकोला गंभीरपणे सांगत होता. "पदर डोईवर घेतला तवा कुठं चंद्रीनं पान्हा सोडला," म्हणाला.

 वर्षाराणीचे खांदे हलायला लागले. "आरं, हसवू नगंस मुडद्या, टाकं तुटत्याल!" दोन्ही हातांनी पोट धरून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. सम्राट शिवी ऐकून एवढा खूश झाला की त्यानं सगळ्या वॉर्डला चहा आणला.

बाराव्या दिवशी बारसं झालं. घराच्या पुढच्या सोप्यात पाळणा टांगला होता, भिंतीला टेकून वर्षाराणी खाटेवर बसली होती आणि मी पाहुणी म्हणून गेले होते. नाव ठेवलं शांभवी. जेवणं झाली, पुरुष माणसं दाराशी पान खात बसली, बायका पाळण्याभोवती. संध्याकाळच्या धारेची वेळ होत आली होती. कुणीतरी सहज विचारलं, "वर्षाराणी, आता गोठ्यात कवापास्नं?"

"सव्वा महिना तर न्हाईच," ती म्हणाली. "सिस्टरनी सांगितलंय. धारा ह्ये काडत्यात."

तेव्हा तानाबाईला राहवलं नाही. ही नात्यानं चुलत सासू, गावभर दुसऱ्यांच्या चुली फुंकत हिंडणारी. ती मोठ्यानं, बाहेरच्या पुरुषांनाही ऐकू जावं अशा बेतानं म्हणाली, "मी बाराव्या दिशी शेनाची पाटी उचलली हुती बाई. हितलं समदं नवालच. बाळंतपन केलं डाक्टरनीनं, धारा काडतोय न्हवरा. मग हिनं केलं तरी काय?"

दोघी-तिघी फिसकन हसल्या. बायडाबाई पाळण्याची दोरी धरून उभी होती, तिचा हात थांबला. माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, पण वर्षाराणी आधी बोलली. दवाखान्यातली ती गप्प बाई नव्हती ही. ही ती कोपऱ्यावर इंजिन रेस करणारी.

"काय केलं सांगू? आयका. पोर आडल्या म्हनल्यावर व्हय म्हननारी मी. पोट माझं, सुरी माझ्या पोटावर, आन डोळं उगडं ठिवून पडल्याली बी मीच. डाक्टरीनबाईनं काडली, पर मी दिली तवा काडली. कळाबी सोसल्या आन कापूनबी घेतलं, म्हंजे तुमच्यापरीस जास्तीच केलं की! टाकं बघायचं हायत? दावू काय हितंच?" आणि तिनं कमरेच्या साडीला हात घातला.

"नगं गं बाई," तानाबाई मागे सरकली.

"मग आता परत इचारायचं न्हाय. पोर माझी हाय आन बाळंतपनबी माझंच हाय. मी नापास झाल्याली न्हाय. आन सव्वा महिना हितनं उठनार न्हाय. कुनाला बघवत नसंल त्येनं बघू नये."

 शांभवी पाळण्यात हातपाय झाडत होती. मला उठून टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं, पण पाहुणी म्हणून आलेलीला ते बरं दिसलं नसतं.

तेवढ्यात दाराशी बसलेला सम्राट उठला. पान खाणाऱ्या मंडळींच्या मधून आत आला, सगळ्यांच्या देखत वलणीवरची बायकोची धारेची साडी ओढली आणि पॅन्टवर गुंडाळायला लागला. आज गोठ्याचं दार लावायचा त्याचा विचार दिसत नव्हता. दारातून एक पाहुणा म्हणाला, "आयला, सम्राट, लुगडं न्हेसतोयस व्हय?"

"व्हय," सम्राट म्हणाला. "पावणं, दूध पायजे का नगं तुमच्या च्याला?"

बाहेर हशा पिकला. पण घाईत त्याच्या निऱ्या काही जमेनात, एक टोक जमिनीवर लोळत होतं आणि पायात येऊन तो धडपडला. हसणं वाढलं. तानाबाईला तर पुन्हा जोर आला.

बायडाबाईनं पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली. ती लेकासमोर जाऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता ही ती साडी फेडून फेकून देणार. तिनं खाली लोळणारं टोक उचललं, चाप्पून निऱ्या घातल्या, घट्ट खोचल्या आणि पदर ओढून त्याच्या डोक्यावर दिला. पाहुण्यांकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"जा," ती म्हणाली. "म्हशी खोळंबल्यात."